एक माकड आणि पाच लाख हुमले: प्रकल्पाच्या नोंदी

रविवार, ८ डिसेंबर २०२४

विषय ठरला. म्हणजे चिठ्ठीने ठरवला. टी.वाय.च्या प्राणिशास्त्राच्या वर्गात दोन डबे फिरवले, एकात सस्तन प्राणी आणि दुसऱ्यात कीटक. दोन्हींतून एकेक चिठ्ठी उचलायची आणि मग त्या दोघांतली एकेक जात निवडून तुलना करायची. मला आलं माकड आणि मुंगी. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला वटवाघूळ आणि पतंग मिळाले. ती दोन रात्री दिव्याखाली बसली की निम्मा प्रकल्प झालाच म्हणायचा.

वेंगुर्ल्याजवळची काकांची बाग डोळ्यांसमोर होती, म्हणून जाती लगेच सुचल्या. बागेत साठेक काजू, वीसेक हापूस आणि कडेला माड आहेत. माकडं तिथे दर दोन-तीन दिवसांनी येतात. हुमले तर बारमाही. पुस्तकात त्यांना विणकर मुंगी म्हणतात, वरच्या भागात उंबील. काकांना विषय सांगितला तेव्हा ते आडकित्त्याने सुपारी कातरत होते. म्हणाले, "माकडाची आणि हुमल्याची कसली गो तुलना? एक खाता नि एक चावता."

सरांची अट: वही रोजच्या रोज लिहायची. चुकलेलं खोडायचं नाही, दुरुस्ती पुढच्या तारखेला करायची.

पहिला तक्ता आजच केला. माकड: लाल तोंडाचं रीसस, पाठीचा कणा, फुप्फुसं, तांबडं रक्त, बहुधा एका वेळी एक पिल्लू. मुंगी: सहा पाय, अंगाबाहेर कवच, फुप्फुसं नाहीत, कडेच्या बारीक छिद्रांतून नळ्यांनी आत जाणारी हवा, आणि हजारो अंडी. अकरा ओळी झाल्या. वाचायला बरा वाटतो, पण यातली एकही ओळ लिहायला बागेत जावं लागलं नाही.

रविवार, १५ डिसेंबर

पहिली दुरुस्ती. आमची माकडं रीसस नाहीत.

सकाळी सव्वासातला पंपाच्या खोलीमागच्या फणसावर टोळी आली. दुर्बिणीतून आधी शेपटी पाहिली. अंगापेक्षा लांब होती. रीससची शेपटी आखूड असते. मग डोकं पाहिलं, तर टाळूच्या मधोमध भोवरा आणि तिथून केस चहूकडे पसरलेले, जणू टोपी घातली आहे. हे बॉनेट मकाक, शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा. जगात हे फक्त दक्षिण भारतात आढळतं. पश्चिमेकडे त्याची उत्तर हद्द साधारण तापीपर्यंत धरतात. रीसस उत्तरेचं, पण ते दक्षिणेकडे सरकत असून बॉनेटच्या जागा घेत असल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. "लाल तोंडाचं" हा शब्द गावात दोघांनाही चालतो आणि मी त्यालाच फसले.

काकांना सांगितलं की जगभरच्या धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या यादीत २०२० पासून हे माकड 'संकटप्रवण' गटात आहे. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मगे आमी कोण? आमचा नाव खंयच्या यादीत आसा?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या माडांवरची निम्मी शहाळी याच टोळीने पाडली होती.

हुमल्याचं शास्त्रीय नाव ईकोफिला स्मरॅग्डिना. पहिल्या शब्दात पानांचं घर आहे, दुसऱ्यात पाचू. पण आमचे हुमले विटकरी-तांबूस, मग पाचू कुठला? हिरवट असते ती राणी. ऑस्ट्रेलियातल्या याच जातीच्या कामकरी मुंग्यांचं पोटही हिरवं असतं.

रविवार, २२ डिसेंबर

आज माकडं फिरकलीच नाहीत, आणि बरंच झालं. दिवसभर नऊ नंबरच्या काजूखाली बसले. नंबर मीच खडूने घातले आहेत.

कोवळ्या पालवीत नवं घरटं बांधायचं काम चालू होतं. दोन पानांमध्ये चार बोटांचं अंतर. एका मुंगीने पानाची कड धरली आणि दुसरीकडे ताणली. पोहोचेना. दुसरीने मागून तिची कंबर जबड्यात धरली, तिची कंबर तिसरीने. सहा-सात मुंग्यांची साखळी झाली. शेजारी आणखी एक साखळी, मग आणखी एक. थोड्या वेळाने सगळ्या मिळून मागे सरकायला लागल्या आणि पान खरंच वाकलं. माणसांनी होडी ओढताना कुणीतरी "हैश्या" म्हणतं. इथे ते म्हणणारं कुणी नाही. जिथे पान थोडं हललं तिथे जास्त मुंग्या धावतात, जिथे हलत नाही तिथल्या सोडून देतात. कामाची वाटणी एवढीच.

पुढचं दृश्य बघायला दुपार गेली. पानांच्या कडा जुळल्यावर आतून काही मुंग्या तोंडात पांढरट अळी घेऊन आल्या. अळीचं डोकं पुढे. मुंगी एका पानाच्या कडेला अळीचं तोंड टेकवते, मग दुसऱ्या पानाला, परत पहिल्याला. अळीच्या तोंडातून रेशीम निघतं आणि पानं शिवली जातात. सुई मोठ्या बहिणीच्या हातात, दोरा धाकटीच्या पोटात. कित्येक मुंग्यांच्या अळ्या याच रेशमाने स्वतःभोवती कोश विणतात. हुमल्यांच्या अळ्यांचं सगळं रेशीम घरट्यात खर्च होतं, म्हणून त्यांचे कोषित (अळी आणि मुंगी यांच्या मधली अवस्था) उघडेच राहतात.

मान अवघडली. परतताना फांदीला डोकं लागलं आणि पंचवीस-तीस जणी मानेवर उतरल्या. हुमल्यांना नांगी नसते. त्या जबड्याने कातडी चिरतात आणि पोट वळवून जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतात. काकूने खोबरेल तेल लावलं.

एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. वरून पडलेल्या मुंग्या जमिनीला लागताच चालू लागल्या. वीस फुटांवरून पडूनही त्यांना काही होत नाही. माकडाला होतं. आकार दसपट कमी केला तर वजन हजारपट कमी होतं, पण हवेला अडणारं अंग शंभरपटच कमी होतं, त्यामुळे लहान जीव तरंगतच खाली येतो. हाच हिशेब जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडला होता. पुढे ते भारतात आले आणि भुवनेश्वरला राहिले. "मुंगी स्वतःच्या कितीतरी पट ओझं उचलते" हे कौतुकही याच हिशेबातलं. माकडाएवढी मुंगी केली तर ती स्वतःच्या पायांवर उभी राहील की नाही याचीच शंका. तक्त्यातली 'ताकद' ही ओळ काढली.

रविवार, २९ डिसेंबर

माकडांसाठी नमुना-पाहणीची पद्धत ठरवली. नुसतं "जे दिसेल ते" लिहिलं तर भांडणंच वहीत येतात, कारण डोळा तिकडेच जातो. टोळीचा निम्मा वेळ तर नुसतं बसण्यात जातो. जीन आल्टमन यांनी १९७४ साली यावर मांडणी केली. त्यांचा अभ्यास बबून माकडांचा, पण पद्धती आता सगळीकडे वापरतात. मी दर दहा मिनिटांनी टोळीवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवते आणि प्रत्येक जण त्या क्षणी काय करतोय ते लिहिते.

टोळी तेवीसची. मोठे नर चार, मोठ्या माद्या आठ, बाकी पोरवडा. ओळख पटावी म्हणून नावं ठेवली: फाटकान, वाकडी, आक्का, थोटा (डाव्या हाताची दोन बोटं नाहीत). आक्का आली की फणसाच्या आडव्या फांदीवरची जागा बाकीच्या माद्या रिकामी करतात. तिची मोठी मुलगी आली तरी करतात, म्हणजे मान आईकडून मुलीकडे आलेला आहे. या जातीत माद्या जन्मलेल्या टोळीतच राहतात, नर मोठे झाले की बहुधा दुसरी टोळी शोधतात. मुंग्यांतही नर पाहुणाच असतो, विवाह-उड्डाणापुरता. दोन्हीकडे घर बायकांचं. हा मुद्दा तक्त्यात घातला आणि जरा खूश झाले.

रविवार, ५ जानेवारी २०२५

हुमल्यांची एकेक मुंगी ओळखता येत नाही, मग निदान वसाहती तरी वेगळ्या करता येतात का ते पाहिलं. पद्धत सोपी आहे. एका घरट्याजवळची मुंगी काडीवर घेऊन दुसऱ्या घरट्याच्या वाटेवर सोडायची. वसाहत एकच असेल तर दोन-तीन जणी मिशा टेकवतात आणि पुढे जातात. परकी असेल तर चौघी चहूबाजूंनी पाय धरून तिला ताणून ठेवतात, पाचवी येऊन कंबरेवर चावते.

बारा वेळा केलं. तीन मुंग्या मेल्या, तेव्हा थांबवलं. नकाशा मात्र हाती आला. वसाहत 'अ' सात झाडांवर, एकतीस घरटी. वसाहत 'ब' विहिरीकडची, चार झाडं. चौदा नंबरचा काजू मध्ये मोकळा, दोघांच्या हद्दीवरचा. हद्दीकडच्या घरट्यांत वयस्कर मुंग्या राहतात असं वाचलंय. तरण्या आत पोरं सांभाळतात आणि म्हाताऱ्या सीमेवर पहारा देतात. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, यात नवीन काय?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. नैवेद्याला ठेवलेल्या ताटातले तिळाचे लाडू थोट्याने पळवले. एक तोंडात, दोन गालात. गालाच्या पिशव्या फुगून तोंड चौकोनी झालं. कौलांवर बसून त्याने उलट्या हाताने गाल दाबत एकेक लाडू पुढे आणला आणि सावकाश खाल्ला. शेजारी एक लहान पोर त्याच्या तोंडाकडे बघत बसलं होतं. त्याला काही मिळालं नाही.

काकूने उरलेले लाडू त्यांना टाकले. मी नको म्हणत होते. एकदा माणसाच्या हातून मिळालं की माकड मागायला शिकतं. कर्नाटकात बांदीपूरला रस्त्याकडेची बॉनेट माकडं हात पसरून, घशातून 'कू' असा आवाज काढून माणसांकडे खाणं मागताना अभ्यासकांनी नोंदवली आहेत. हे त्यांच्या रोजच्या भाषेतलं नाही, माणसांसाठी घडवलेलं आहे. आपण देवळापाशी केळी देतो आणि मग बागेत फटाके लावतो.

रविवार, १९ जानेवारी

लाडवाचा प्रसंग डोक्यातून जात नव्हता, म्हणून आज उलट बाजू पाहिली. नऊ नंबरच्या खोडावर काकवीचं पाणी थेंबभर ठेवलं. एक मुंगी प्यायली, पोट फुगलं. घरट्याकडे निघाली. वाटेत दुसरी भेटली, मिशांनी मिशांना थापट्या. पहिलीने जबडे उघडले आणि तोंडाला तोंड लावून थेंब दिला. मग तिसरीला, मग चौथीला. घरट्यापर्यंत जाईतो तिचं पोट निम्मं उतरलं होतं.

मुंगीला पोटं दोन. मागचं तिचं स्वतःचं. पुढचं सगळ्यांचं, त्यातलं ती पचवत नाही, वाटते. माकडाचा गाल म्हणजे कुलूप लावलेलं कपाट, मुंगीचं पुढचं पोट म्हणजे पंगतीतलं पातेलं. असं लिहिल्यावर वाटलं, मुंगी चांगली आणि माकड स्वार्थी असं काहीसं होतंय. सरांना ते मुळीच आवडणार नाही. माझा हात माझ्याच तोंडात घास घालतो, म्हणून तो परोपकारी ठरत नाही.

हे शेवटचं वाक्य लिहून गेले खरं, पण त्यातच काहीतरी आहे. परत बघायचं.

मंगळवार, २८ जानेवारी

प्रयोगशाळेत मुंग्या तोलल्या. वाटेवरच्या शंभर जणी काचेच्या नळीत घालून बर्फात गार केल्या, म्हणजे हलत नाहीत. शंभर मुंग्या ०.६१ ग्रॅम. एक मुंगी सहा मिलिग्रॅमच्या आसपास.

मोठ्या वसाहतीत पाच लाखांपर्यंत मुंग्या असू शकतात. पाच लाख गुणिले सहा मिलिग्रॅम म्हणजे तीन किलो.

बॉनेटची मोठी मादी साडेतीन ते साडेचार किलोची असते.

मी आकडा तीनदा केला, शून्य चुकलं असेल म्हणून. नाही चुकलं. उलट माझा आकडा थोडा जास्तच असेल, कारण वाटेवर दिसतात त्या मोठ्या कामकरी. घरट्यात पोरं सांभाळणाऱ्या त्याहून लहान असतात. तरीही मुद्दा तोच राहतो. अनेक झाडांवर पसरलेली अख्खी वसाहत तराजूत घातली तर दुसऱ्या पारड्यात टोळी नाही, फक्त आक्का बसवावी लागेल. टोळी बसवली तर कितीतरी पट जास्त भरेल.

आठ डिसेंबरच्या तक्त्यात मी एका माकडासमोर एक मुंगी ठेवली. मग नकळत टोळीसमोर वसाहत. दोन्ही जोड्या चुकल्या. जोडी लागते ती एका माकडाशी अख्ख्या वसाहतीची.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सरांकडे गेले. ते लगेच मान्य करतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "वजन सारखं आलं म्हणून वस्तू सारखी होते? तीन किलो तांदूळसुद्धा माकडाएवढेच भरतात." मग अर्धा तास फळ्यावर.

मुंग्यांत फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. नराला गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे बापाकडून प्रत्येक मुलीला हुबेहूब तेच येतं. आई-बाप तेच असतील तर सख्ख्या बहिणींचं नातं पाऊण भरतं. आपल्यात आणि माकडांत ते अर्धं. स्वतःची मुलगी अर्धी, बहीण पाऊण, मग बहिणी वाढवणंच फायद्याचं. १९६४ साली जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी हा हिशेब मांडला. राणी एकाहून जास्त नरांशी जुळली असेल तर आकडा खाली येतो. आणि वाळवीत नर-मादी दोघंही आपल्यासारखे दोन-दोन संच घेऊन येतात, तरी वारूळ उभं राहतंच. त्यामुळे सगळं श्रेय या गणिताला देऊ नकोस, असं सर म्हणाले.

मला पटलेला भाग वेगळाच. वसाहतीत अंडी घालते ती राणी. कामकरी मुंगी मेली तर वंश थांबत नाही, जसं बोटाची कातडी सोलली तर मी थांबत नाही. टोळीत मात्र आठही माद्यांना आपापली पोरं आहेत. आक्काचा फायदा आणि वाकडीचा फायदा एक नाही, म्हणून तर फांदीवरून वाद. तांदळाच्या दाण्यांना एकमेकांचं काही देणंघेणं नसतं, हे सरांना उत्तर म्हणून जिन्यात सुचलं. नेहमीप्रमाणे उशिरा.

रविवार, ९ फेब्रुवारी

दोन घटना, दोन्ही परक्यांच्या.

टोळीपासून वीसेक फुटांवर, कुंपणाच्या खांबावर एक अनोळखी मोठा नर बसलेला. वरच्या ओठावर जुनी खूण. कुणी त्याला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. फाटकानने दोनदा जांभई देऊन दात दाखवले. हा पाव्हणा दुसरीकडे बघत राहिला. सव्वा तास हेच.

दुसरी घटना मी घडवली. चीनमध्ये संत्र्या-लिंबांच्या बागांत याच मुंग्या सोडत आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाता यावं म्हणून बांबूच्या कामट्या बांधत. इसवी सन ३०४ च्या सुमारास तिथे मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याचं लिहून ठेवलेलं आहे. कीड मारायला कीटक वापरण्याची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. माझ्याकडे कामट्या नव्हत्या, काथ्याची सुतळी होती. नऊ नंबरपासून चौदा नंबरच्या मोकळ्या झाडापर्यंत बांधली. अकरा मिनिटांत पहिली मुंगी सुतळीवर आली. मध्यापर्यंत गेली, परतली. पंचवीस मिनिटांत रांग लागली. त्या परतताना पोट टेकवत वास सोडतात आणि बाकीच्या त्या वासावरून येतात.

दुपारी तीनला 'ब' वसाहतीची टेहळणी करणारी चौदा नंबरच्या खोडावर भेटली. चार वाजता खोडावर हातभर पट्ट्यात लढाई. आंबूस वास तोंडाशी आला. अंधार पडेपर्यंत झाडाखाली शंभरावर मेलेल्या आणि पाय तुटलेल्या. ते झाड मोकळं होतं ते उगीच नव्हतं. सुतळी सोडावी की राहू द्यावी हे ठरेना. राहू दिली.

रविवार, १६ फेब्रुवारी

पाव्हणा अजून खांबावरच, पण अंतर आता दहा फूट.

फसगत. पानावर एकटीच फिरणारी मुंगी दिसली, हुबेहूब तांबूस, कंबर बारीक. भिंग धरलं तर तिने उडी मारली आणि धाग्याला लोंबकळली. आठ पाय! हुमल्याचं सोंग घेणारा उड्या मारणारा कोळी. पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे हलवतो. हुमल्यांच्या वाटेला कुणी जात नाही, त्या धाकावर हा जगतो. माकडाचं सोंग घेऊन कुणी जगत असेल असं वाटत नाही. दशावतारातला पोरगा सोडून.

रविवार, २३ फेब्रुवारी

काकांना प्रकल्पातून एकच निष्कर्ष हवा आहे: "हुमले सोडले तर माकडां येवची नायत, असा लिव." त्यांच्यासाठी मुद्दाम पाहिलं. टोळी घरटी असलेल्या तीन झाडांवर गेली आणि नसलेल्यांवरही. घरट्याच्या झाडावर वाकडीच्या पोराने पोट खाजवलं, हात झटकला, एक मुंगी दाताने काढून थुंकली आणि बोंडू (काजूचं रसाळ फळ) तोडलाच. तीन झाडांवरून काही म्हणता येत नाही, पण निदान आमच्या टोळीला हुमल्यांची भीती नाही. काका नाराज.

माकडाला हवं असतं बोंडू. बीच्या टरफलात जहाल तेल असतं, तोंड पोळतं, म्हणून बी बहुतेक वेळा खाली पडते. पिकलेलं असेल तर ती वेचता येते. पण कोवळी बोंडं ओढून टाकतात तिथे बी फुकट जाते.

हुमल्यांचं काम मात्र दुसरीकडे आहे. काजूचा खरा वैरी ढेकण्या, म्हणजे टी मॉस्किटो बग. कोवळी पालवी आणि मोहोर शोषतो, फुटवे करपतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात काजूच्या आणि आंब्याच्या बागांत हुमले राखून अशा किडी आटोक्यात ठेवता येतात हे वर्षानुवर्षांच्या कामातून दाखवलं गेलं आहे. आमच्या बागेत 'अ' वसाहतीच्या सात झाडांवर करपलेले फुटवे मोजले, मग हुमले नसलेल्या सात झाडांवर. दर पन्नास फुटव्यांमागे सरासरी चार आणि अकरा. झाडं थोडी, जागाही वेगळी, म्हणून जोरात बोलत नाही. काकांना आकडा सांगितला तेव्हा मात्र ते दोन्ही ठिकाणी स्वतः जाऊन बघून आले.

फुकट काही नसतं. हुमले पिठ्या ढेकणासारख्या रस शोषणाऱ्या किडींना सांभाळतात, कारण त्या गोड चिकटा सोडतात. शिवाय काढणीला येणारे गडी हुमल्यांच्या झाडावर चढायला नाखूश.

रविवार, २ मार्च

आक्काच्या पोटाला पोर. काळसर केस, गुलाबी सुरकुतलेला चेहरा, दोन्ही मुठींत आईचे केस घट्ट. गर्भ साडेपाच महिन्यांचा. म्हणजे सप्टेंबरमध्ये कधीतरी राहिलेला.

दीड तास फक्त हेच पाहिलं. वाकडीने जवळ येऊन आक्काला विंचरलं, मग हळूच एक बोट पोराच्या पाठीवर ठेवलं. आक्काने अंग फिरवलं. परत विंचरणं, परत बोट. चौथ्या वेळी आक्का हलली नाही.

नऊ नंबरवर त्याच वेळी एक मुंगी अळीला दोऱ्याच्या रिळासारखी वापरत होती. एकाच दिवशी पाहिल्यामुळे असेल, 'बालसंगोपन' ही तक्त्यातली ओळ आता अगदी खोटी वाटते. अळी हे वसाहतीचं मूल नाही, अवयव आहे. मूल असेल तर ते पावसाच्या तोंडावर उडून जाणारी पंखवाली राणी.

पाव्हणा आज फाटकानशेजारी बसला होता. दोघांनी ओठ फडफडवले, मग फाटकानने त्याची पाठ विंचरली. बॉनेटचे नर इतर मकाकांच्या मानाने एकमेकांशी बरेच सलोख्याने वागतात, हे वाचलं होतं. तीन आठवडे लागले. मुंगीने हाच निकाल मिशा टेकवून तीन सेकंदांत दिला होता. तिला फक्त वासावरून 'आपली की परकी' एवढंच कळायचं असतं. फाटकानला मात्र हा कोण, कसा, कधी चिडतो, कुणाच्या बाजूने उभा राहतो हे सगळं कळायचं होतं. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुंगीसारखं वागतात, मी फाटकानसारखी. प्रकल्पातलं माझं स्वतःचं म्हणावं असं वाक्य हेच.

शुक्रवार, १४ मार्च

शिमगा. नोंद नाही. ढोलांमुळे माकडं डोंगरावर, हुमल्यांना फरक नाही. ही झालीच की नोंद.

गुरुवार, २० मार्च

तक्ता नव्याने केला. आता तीन रकाने आहेत: एक मुंगी, एक वसाहत, एक माकड. टोळीला रकाना दिला नाही, तिच्यावर दोन पानं वेगळी लिहिली. 'पचनसंस्था' या ओळीत मुंगीकडे 'दोन पोटं' आणि वसाहतीकडे 'तोंडातून तोंडात फिरणारं अन्न'. 'प्रजनन' मध्ये मुंगीकडे 'लागू नाही', वसाहतीकडे 'राणी व नर'. 'आयुष्य' मध्ये कामकरीला काही आठवडे ते महिने, वसाहतीला राणी जगेल तितकी वर्षं, माकडाला वीसपेक्षा जास्त. सरांनी पाहिलं आणि 'एक मुंगी' हा रकाना पेन्सिलीने अर्धवट खोडून ठेवला. काढ म्हणाले नाहीत, ठेव म्हणाले नाहीत. मी ठेवला. ती मुंगी माझ्या मानेला चावली होती.

शुक्रवार, २८ मार्च

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला: "माकडात आणि मुंगीत साम्य काय?" मी म्हटलं, वजन. त्यांनी चष्मा काढला. पुढची वीस मिनिटं छान गेली. त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नावर मी अडकले: वसाहत हा एक प्राणी असेल तर 'अ' आणि 'ब' ची लढाई ही लढाई म्हणायची की दोन माद्यांचं फांदीवरून भांडण? मी म्हटलं, भांडण. पण त्यात शंभर जणी मेल्या, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कातडी सोलली. त्या हसल्या, पण वहीत काहीतरी लिहिलं. गुण अजून कळले नाहीत.

रविवार, ३० मार्च

पाडवा. दुर्बीण परत करायची म्हणून बागेत शेवटची फेरी. चौदा नंबरवर आता 'अ' ची दोन घरटी आहेत. आक्काचं पोर आईचं पोट सोडून हातभर अंतरावर जातं आणि लगेच परततं.

सुतळी सोडायला हात वर केला तर मागून काका म्हणाले, "काढू नको ती. ऱ्हवांदे." त्यांच्या हातात काथ्याचं आणखी एक बंडल होतं, आणि विचारत होते की विहिरीकडच्या वेंगुर्ला-७ या काजूच्या वाणाच्या झाडांना कुठून बांधायचं. तिकडे 'ब' आहे म्हणून आधी मुंगी नेऊन बघायला लागेल. तेल काढून ठेव म्हणून काकूला सांगितलं आणि काडी शोधायला गेले.